अंडी फुटतात ती खुराड्यामुळे

परसातली एखादी कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खाऊ लागली की ती ‘वाया गेली’ असे म्हणून तिला बाजार दाखवला जातो. काही जण तिची चोच बोथट करतात. या दोन्ही उपायांनी मूळ दुखणे जागच्या जागी राहते, कारण बहुतेक वेळा कोंबडी आपणहून अंडे फोडायला जात नाही. अंडे आधी अपघाताने फुटते आणि मग तिला बलकाची चव कळते. अंडे घालायला तिला अंधारा, आडोशाचा कोपरा लागतो आणि जिथे आधीच अंडे पडलेले असेल तीच जागा तिला भरवशाची वाटते. त्यामुळे खुराड्यात चार टोपल्या ठेवल्या तरी सगळ्या जणी एकीतच शिरतात. बहुतेक अंडी सकाळच्या काही तासांतच पडत असल्याने तिथे रेटारेटी होते आणि एकीच्या अंड्यावर दुसरीचा पंजा पडतो. तळाचा भुसा उकरून बाजूला गेलेला असला तर अंडे थेट फळीवर आपटते. तडा गेला की चोच लागते, शेजारणी ते पाहतात आणि आठवड्याभरात खोड सगळ्या खुराड्यात पसरते.

व्यावसायिक पिंजऱ्यांत यावर उत्तर केव्हाच निघाले आहे. तिथे जाळीच्या तळाला उतार असतो आणि घातलेले अंडे घरंगळत पुढच्या पन्हाळीत जाते. कोंबड्यांना अशा पिंजऱ्यात कोंडावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. युरोपीय संघाने 2012 पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती. पण पिंजरा नाकारताना त्यातला उतार नाकारण्याचे कारण नाही. साधारण फूटभर लांबी-रुंदी-उंचीची, तिन्ही बाजूंनी बंद पेटी घ्यावी. तळ मागच्या बाजूला इंचभर उतरता ठेवावा, त्यावर प्लास्टिकच्या गवताची चटई घालावी आणि मागच्या फळीखाली अंडे जाईल एवढी फट सोडून पलीकडे झाकणाचा, मऊ अस्तराचा कप्पा करावा. कोंबडी उठली की अंडे तिच्या नजरेआड जाते. चार-पाच कोंबड्यांमागे अशी एक पेटी पुरते. रात्री बसायची दांडी मात्र पेटीपेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि ती विष्ठेने भरते.

खरा दोष खाद्यात असतो, असा एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. एका कवचासाठी कोंबडीला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. ते कमी पडले, किंवा उन्हाळ्यात ती धापा टाकू लागली, की कवच पातळ होते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायलाच हवा. पण पातळ कवचाच्या अंड्याला तर उतरत्या तळाची जास्तच गरज आहे. उतारावर कोंबडी बसत नाही, हा दुसरा आक्षेप. उतार आधी अगदी थोडा ठेवून हळूहळू वाढवला आणि चटईवर खोटे अंडे चिकटवले तर ती बसते. अंडी पळवली तर खुडूक कोंबडी पिल्ले कशी काढणार, हा प्रश्न सर्वांत रास्त आहे. तिच्यासाठी अंडी जमवून वेगळ्या डालग्यात, बाकीच्यांपासून दूर रवण घालावी. गर्दीच्या टोपलीत उबवणीची अंडीही फुटतातच.

देशी कोंबडी वर्षाला जेमतेम 60 ते 80 अंडी देते. त्यातली दहा-बारा फुटली तर तो घरातल्या बाईच्या हातखर्चाचाच तोटा असतो, कारण परसातल्या कोंबड्या बहुधा तिच्याच असतात. तलंगांच्या वाटपाची सरकारी योजना 25 माद्या आणि 3 नर असा गट देते. एवढ्या माद्यांना पाच-सहा पेट्या पुरतील आणि फळांच्या लाकडी खोक्यांतून गावचा सुतार त्या सहज करून देईल. पशुसंवर्धन विभागाने गट देतानाच पेटीचा नमुना आणि मापेही लाभार्थ्यांच्या हाती द्यावीत.