जमीन आरोग्य पत्रिकेत जड धातूंचा रकाना हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय

विषय : औद्योगिक वसाहतीच्या नाल्याकाठच्या शेतजमिनींची जड धातूंसाठी तपासणी, भूसुधारणा व पीकबदलासाठी साहाय्य मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शेतकरी नाल्याच्या दोन्ही काठांवर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर पिकवतो. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की नाल्याचेच पाणी उपसावे लागते. त्याबरोबर कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल हे धातू वावरात उतरत असावेत, अशी आमची शंका आहे. शंकाच म्हणतो, कारण खात्री करून घ्यायची सोय नाही. 2015 पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाशापासून जस्त, बोरॉन, सामू, सेंद्रिय कर्बापर्यंत 12 घटक असतात. कॅडमियम आणि शिशाला त्यात जागाच नाही.

म्हणून पहिली मागणी तपासणीची, आणि ती खर्चिक नाही. जस्त, लोह, तांबे मोजण्यासाठी प्रयोगशाळा मातीचा जो डीटीपीए अर्क काढते, त्याच अर्कातून पिकाला मिळू शकणारे कॅडमियम, शिसे, निकेलही मोजता येते. अणुशोषण यंत्र तेच; दिवा तेवढा त्या त्या धातूचा लावायचा. क्रोमियमची चाचणी वेगळी करावी लागेल. सोबत जोडलेल्या यादीतील प्रत्येक गटातून माती, नाल्याचे पाणी आणि उभ्या पिकाचे पान असे तिन्ही नमुने घ्यावेत. पान यासाठी, की कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आहे, आणि नुसत्या मातीच्या आकड्यावरून ती पाळली गेली की नाही हे कळत नाही.

अहवाल दडपा असे आम्ही म्हणत नाही. ही भाजी आमच्याही घरात शिजते. मात्र अहवाल आणि उपाय एकाच दिवशी हातात पडावेत. नुसते गावाचे नाव बाहेर आले, तर बाजार समितीत आमचा माल कोणी उचलणार नाही, आणि ज्याच्या शेताला नाल्याचा थेंबही लागलेला नाही तोही भरडला जाईल.

दुसरी मागणी सुधारणेची. येथे कृपया सरसकट चुन्याची पोती वाटू नयेत. आम्लधर्मी जमिनीत चुना कॅडमियम आणि शिसे बांधून ठेवतो, हे खरे. पण आमची काळी जमीन मुळातच चुनखडीची. तिला आणखी चुना दिला तर जस्त आणि लोह अडकून पीक पिवळे पडेल. शिवाय सहासंयुजी क्रोमियम अल्कधर्मी जमिनीत मोकळेच राहते. त्याला कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट हवे. सेंद्रिय पदार्थामुळे त्याचे रूपांतर कमी घातक, त्रिसंयुजी रूपात होते. जस्ताची कमतरता असेल तिथे पीक कॅडमियम जास्त ओढते, म्हणून झिंक सल्फेट द्यावे. क्लोराइडमुळेही कॅडमियम मोकळे होते. तेव्हा म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे लागेल. ते महाग पडते, त्या फरकाचे अनुदान मिळावे. कोणत्या गटाला काय द्यायचे, हे कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्रज्ञांनी गटवार लिहून द्यावे. शहरी कंपोस्ट पुरवणार असाल तर प्रत्येक खेप आधी तपासा : खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून जमीन धुऊन निघते, असे सांगत फिरणारे लोक आमच्याकडे येऊन गेले. झाडे धातू शोषतात, पण थोडे थोडे. त्याला अनेक वर्षे जातात. वर ते कापलेले पीक टाकायचे कुठे? गुरांना घालता येत नाही, उकिरड्यावरही नाही. शासनाने असा प्रयोग करायचाच असेल, तर पिकाच्या विल्हेवाटीची सोय आधी करावी.

तोवर पोट भरायचे आहे. पालेभाज्यांत धातू जास्त साठतात, फळभाज्यांत आणि दाण्यांत तुलनेने कमी. जिथे पानांचे नमुने मर्यादेबाहेर जातील, तिथे झेंडू, शेवंती, कापूस किंवा बीजोत्पादन घेण्यास आम्ही तयार आहोत. मात्र मेथी महिनाभरात पैसा देते, कापूस तसा देत नाही. या बदलाच्या काळात हेक्टरी अर्थसाहाय्य आणि फुलांच्या विक्रीची हमी मिळावी. त्याचा भार करदात्यावर न टाकता, नाल्यात सांडपाणी सोडणारे निश्चित करून त्यांच्याकडून वसूल करावा. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कॅडमियमने नासलेल्या भातखाचरांची माती बदलण्याचे काम कित्येक वर्षे, 2012 पर्यंत चालले. आमच्या गावाला इतकी वर्षे थांबणे परवडणारे नाही.

शेवटची बाब आपल्या अखत्यारीतली. केंद्राच्या 2025 च्या दूषित स्थळांच्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची माहिती दर सहा महिन्यांनी कळवायची आहे. पुढील अहवालात सोबतच्या यादीतील गट क्रमांक समाविष्ट करावेत आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. खरिपाच्या पेरणीआधी नमुने घेतले गेले, तर या हंगामात काय पेरायचे ते आम्हाला ठरवता येईल. त्यासाठी आपल्या दालनात बैठकीची तारीख मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
नाल्याकाठचे शेतकरी
(सह्यांची यादी सोबत)

सोबत : गट क्रमांकांची यादी, सातबारा उताऱ्यांच्या प्रती.
प्रत माहितीस्तव : जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी.