दीक्षेबाहेरच्या सेवेला मंडळीत जागा हवी: चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनडला खुले पत्र

प्रति,
माननीय मॉडरेटर व सदस्य,
सिनड, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, नवी दिल्ली;
तसेच महाराष्ट्रातील सर्व धर्मप्रांतीय परिषदा

विषय: दीक्षा न घेतलेल्या सेवकांची व सेविकांची अधिकृत नेमणूक, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या कार्याची नोंद

सन्माननीय सदस्यहो,

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा स्वतंत्र परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी अस्तित्वात आली. एकता, साक्ष आणि सेवा या तीन शब्दांत तिने आपले ब्रीद सांगितले आहे. यांपैकी एकतेला घटना, सिनड व धर्मप्रांत यांचा आधार मिळाला आणि साक्षीला व्यासपीठाचा. सेवा म्हटले की मात्र रुग्णालये, शाळा, वसतिगृहे अशा संस्थाच प्रथम डोळ्यांसमोर येतात. रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवणारी शिक्षिका, दानार्पणाचा हिशेब ठेवणारा खजिनदार, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणारी महिला मंडळाची सभासद, पाळक नसताना वस्तीतली उपासना चालवणारा वडीलधारा गृहस्थ, यांच्या सेवेला मंडळीच्या रचनेत निश्चित असे स्थान उरलेले नाही. प्रस्तुत पत्राचा विषय तेवढाच आहे.

या मंडळीत बिशप, प्रेस्बिटर म्हणजे पाळक, आणि डीकन अशा तीन श्रेणी आहेत आणि त्या तिन्हींसाठी दीक्षा, म्हणजे हात ठेवून प्रार्थनापूर्वक केलेली कायमची नेमणूक, आवश्यक असते. दीक्षा नसलेला प्रत्येक बाप्तिस्मा पावलेला मनुष्य ‘सामान्य विश्वासी’ या एकाच मोठ्या वर्गात मोडतो. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते, परंतु अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतील ग्रामीण मंडळ्यांचे वास्तव निराळे आहे, कारण तिथे एकेका पाळकाकडे अनेक गावे असतात, प्रभुभोजन पाळकाच्या फेरीप्रमाणे होते आणि मधल्या रविवारी उपासना गावातलाच कोणी चालवतो. त्याने बायबलचे कोणते भाग वाचावेत, काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो चुकला तर दोष त्याचा, आणि त्याने वीस वर्षे मंडळी टिकवून धरली तर अहवालात श्रेय पास्टरेटचे, अर्थात एका पाळकाच्या अखत्यारीतील मंडळ्यांच्या गटाचे.

ही स्थिती पूर्वापार नव्हती. महाराष्ट्रातील जुन्या मंडळ्यांपैकी अनेक मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेतल्या होत्या, म्हणजे ज्या परंपरेत स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते आणि आपल्यातूनच डीकन निवडते, त्या परंपरेतल्या. त्या रीतीत डीकन हा शेतकरी, शिक्षक किंवा कारकून असे आणि आपला व्यवसाय न सोडता गरिबांची विचारपूस, प्रभुभोजनाची तयारी व मंडळीचे आर्थिक व्यवहार सांभाळत असे. बाप्टिस्ट मंडळ्यांतही डीकन सभासदांमधूनच निवडले जात. एकीकरणानंतर डीकन हे पद मुख्यतः पाळक होण्याच्या वाटेवरची पहिली पायरी बनले आणि निवडलेल्या डीकनाची जागा पास्टरेट कमिटीने घेतली. कमिटी आणि डीकन यांत मोठा फरक आहे. कमिटीचा सभासद मतदानाने येतो, ठराव करतो आणि मुदत संपली की जातो. डीकनाकडून मंडळी ठरावांपेक्षा काही विशिष्ट कामांची अपेक्षा करत असे. हा बदल कोणी वाईट हेतूने केला असे म्हणता येणार नाही. परंतु बालबाप्तिस्मा आणि विश्वास पत्करल्यानंतरचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच छताखाली मान्य करण्याइतके औदार्य ज्या एकीकरणाने दाखवले, त्याला या एका बाबतीत मध्यम मार्ग काढता आला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नव्या करारातील पुरावा येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतला पहिला अंतर्गत कलह नोंदवलेला आहे आणि तो शिकवणुकीवरून नसून रोजच्या अन्नवाटपावरून आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार उद्भवते आणि त्यावर उपाय म्हणून सात जण निवडले जातात. काम जेवण वाढण्याचे, पण निवडीची अट चांगला लौकिक, ज्ञान आणि आत्म्याची परिपूर्णता ही. आणि लूकने त्या सातही जणांची नावे लिहून ठेवली आहेत. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय तर बहुतांशी नावांचाच आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, आपल्या घरी मंडळी भरवणारे प्रिस्किल्ला व अक्विला, श्रम करणाऱ्या त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांचा पौल नामनिर्देश करतो आणि त्यांतील अनेकांपुढे त्यांचे काम काय, हेही थोडक्यात सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकांना हा अध्याय आरंभीच्या मंडळीची सभासदपत्रिका म्हणून मोलाचा वाटतो. सिनडसाठी मात्र तो नोंद कशी ठेवावी याचा नमुना आहे.

महाराष्ट्रातील मंडळीच्या इतिहासातही या प्रकारची सेवा विपुल आहे, किंबहुना तीच अधिक आहे. अमेरिकन मिशनरी बोर्डाने 1827 मध्ये पाठवलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेला कोणतीही दीक्षा नव्हती. अहमदनगर येथील त्यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा देशी साज ख्रिस्ती आशयाला चढवला आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा श्रोत्यांपर्यंत शुभवर्तमानातल्या कथा पोहोचवल्या. त्याच शतकात, विशेषतः 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर, महार व मांग समाजांतून अनेक कुटुंबे मंडळीत आली. त्यांच्या वस्त्यांवर मिशनने जो शिक्षक नेमला तो दिवसा शाळा घेई, संध्याकाळी प्रार्थना चालवी, अर्ज लिहून देई आणि मयतही करी. शिक्षक व उपदेशक या दोन भूमिका एकाच माणसात असल्यामुळे अक्षर आणि श्रद्धा एकाच ओसरीवर आली, हे या प्रदेशातील ख्रिस्ती समाजाचे मोठे भांडवल आहे.

या शिक्षकापेक्षाही विस्मृतीत गेलेली व्यक्ती म्हणजे ‘बायबल वूमन’. मिशनच्या काळात ही संज्ञा अशा स्थानिक ख्रिस्ती स्त्रीसाठी वापरली जाई, जी घरोघरी जाऊन स्त्रियांना बायबल वाचून दाखवी, वाचायला शिकवी, बाळंतिणीची व आजाऱ्याची खबर घेई. ज्या घरांत परक्या पुरुषाला प्रवेश नव्हता तिथे ती जात असे. ती अनेकदा विधवा असे आणि तिचे वेतन तुटपुंजे असे. वार्षिक अहवालांत तिचा उल्लेख बहुधा संख्येच्या रूपाने येतो, क्वचित केवळ पहिल्या नावाने. परदेशी मिशनांचा निधी आटत गेला तसे हे पद अनेक ठिकाणी लोपले. पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा खुली केली, ही योग्यच गोष्ट झाली; पण दीक्षेची इच्छा नसलेल्या, अथवा शिक्षण, वय व संसार यांमुळे ती घेऊ न शकणाऱ्या स्त्रीपुढे पूर्वी जी एक मान्य वाट होती, ती तोवर बुजली होती.

विश्वासू सेवा म्हणजे काय, याची व्याख्या शोधायची झाल्यास केडगाव येथील मुक्ती मिशनचा छापखाना पाहावा. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे काम त्यांनी एप्रिल 1922 मधील आपल्या मृत्यूपूर्वी पुरे केले आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या व बांधणाऱ्या मुक्तीमधल्या स्त्रियाच होत्या. त्यांपैकी कित्येक जणी दुष्काळातून वाचून तिथे आल्या होत्या. रमाबाईंचे नाव जगभर पोहोचले. त्या जुळारी स्त्रियांपैकी किती जणींची नावे आज मराठी ख्रिस्ती माणसाला सांगता येतील? लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण याच जातीचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतांश अध्याय स्वतः रचले. मंडळीने त्यांना ते काम सोपवले नव्हते, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नसती तर त्यांची गणना कदाचित रेव्हरंडांच्या पत्नी म्हणूनच झाली असती. स्वतः टिळक दीक्षित पाळक होते, परंतु 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. तो प्रयोग त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. तरी पगारावर आणि पदावर उभ्या असलेल्या सेवेविषयी इतक्या मोठ्या माणसाच्या मनात जी अस्वस्थता होती, तिचा विचार मंडळीने पुरेसा केला आहे असे दिसत नाही.

या मागणीवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना असे शिकवतो की सर्व आज्ञा पाळल्यावरही दासाने आपण केवळ कर्तव्यच केले, असे मानावे; मग सेवेला मान्यता मागणे हे त्या शिकवणुकीच्या विरुद्ध नाही काय? उत्तर असे की ती शिकवण दासासाठी आहे, मंडळीसाठी नाही. सेवकाने आपल्या कामाचा विसर पाडावा हे त्याचे भूषण होय. मंडळीने तो पाडणे हा तिचा निष्काळजीपणा होय. पौलाने फिबीची शिफारस केली, फिबीने स्वतःची केली नाही.

दुसरी शंका व्यावहारिक आहे: सामान्य विश्वासी माणसाला नेमणूकपत्र दिले की तोही लहानसा पाळक होऊन बसेल, आणि गावोगाव आधीच असलेल्या मानपानाच्या तक्रारींत भर पडेल. या धोक्याची जाण ठेवूनच नियम करावे लागतील, पण त्यामुळे नियमच नकोत असे ठरत नाही. रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये पाळकवर्गाची श्रेष्ठता अधिक ठाशीव समजली जाते. तरी पोप फ्रान्सिस यांनी मे 2021 मध्ये धर्मशिक्षकाचे, म्हणजे कॅटेकिस्टचे, कार्य सामान्य विश्वासी जनांसाठी स्वतंत्र अधिकृत सेवापद म्हणून स्थापित केले, आणि त्याच वर्षी जानेवारीत वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांनाही खुली केली. एकीकरणाचा वारसा सांगणाऱ्या मंडळीने या बाबतीत मागे राहावे, याला तात्त्विक कारण सापडत नाही.

सिनडने करावयाची तरतूद फार खर्चाची नाही. उपासना चालवणारे, रविवारची शाळा घेणारे आणि गृहभेटी करणाऱ्या स्त्रिया व पुरुष यांची नेमणूक रविवारच्या उपासनेत, मंडळीसमोर, ठरावीक मुदतीसाठी व्हावी. तिच्यासोबत वेतन, झगा किंवा राखीव आसन नसावे, आणि आधी मराठीतून चालणारा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करण्याची अट असावी. भाषेचा आग्रह यासाठी की इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आज शिबिरापलीकडे फारसे काही मिळत नाही, आणि गावातली उपासना चालवणारा हाच माणूस असतो. खजिनदाराच्या बाबतीत अभ्यासक्रमापेक्षा तपासणीची गरज अधिक आहे. दानाचा हिशेब दर तीन महिन्यांनी मंडळीच्या फळ्यावर लागला, तर विश्वासूपणाविषयीच्या पुष्कळ प्रवचनांची आवश्यकताच कमी होईल. पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीतही, उमेदवाराने यापूर्वी मंडळीत कोणते काम सलगपणे केले आहे हे मतपत्रिकेआधी वाचून दाखवण्याची प्रथा पाडता येईल. मिळकतींच्या प्रश्नांनी विषयपत्रिका व्यापलेल्या बैठकांमध्ये ही बाब क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मिळकत कोणासाठी सांभाळायची, हा प्रश्न याच लोकांशी येऊन थांबतो.

राहिला मुद्दा नोंदींचा. अमेरिकन बोर्डाचे कागद, ज्यांत अहमदनगर, सोलापूर, सातारा व मुंबई येथील मिशनकामाचा पत्रव्यवहार आणि अहवाल आहेत, आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. स्कॉटिश मिशनांचे बरेचसे कागद एडिंबरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. महाराष्ट्रातील गावच्या शिक्षकांविषयी आणि बायबल वूमनविषयी जे काही लिहिले गेले त्याचा मोठा भाग या दोन ठिकाणी असण्याची शक्यता आहे, आणि ते वाचण्यासाठी तिथवर जाणे या लोकांच्या नातवंडांना परवडणारे नाही. सिनडने अधिकृत पत्राद्वारे महाराष्ट्रासंबंधीच्या भागाच्या प्रती मागवाव्यात आणि त्या पुणे अथवा अहिल्यानगर येथे सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात. तोपर्यंत प्रत्येक पास्टरेटने आपल्या कपाटातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची जुनी पुस्तके वाळवीपासून वाचवावीत, आणि ज्येष्ठ सभासदांकडून त्यांच्या आठवणीतील सेवकांची व सेविकांची नावे, गावे आणि कामे लिहून घ्यावीत. हे काम तरुण संघांकडे सोपवता येईल. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत या तिन्ही बाबींचा, म्हणजे नेमणूक, मराठी अभ्यासक्रम आणि नोंदी यांचा, समावेश करून घेतलेला निर्णय धर्मप्रांतांना लेखी कळवावा, ही विनंती.