पाकिटात बी येते, कसब येत नाही



चाड्यावर मूठ धरायला कोणत्या शाळेत शिकवतात? कोणत्याच नाही. बैलांची चाल, जमिनीची ओल आणि बोटांतून सुटणारा दाणा यांचा मेळ बसला तरच ज्वारीची ओळ एकसारखी उगवते. आमच्या मायबहिणी हे शिकल्या त्या तिफणीमागे चालूनच. सालदाराबरोबर वखर हाकता हाकता पोरे औतकाम शिकली. कोणाचे चुकले तर सांगायला जुनी माणसे बांधावर उभी असत.

नवे वाण आणि नवी औषधे आली तेव्हा बांधावर कोण उभे होते? 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली. पेरणी लांबली की खोडमाशी पोंगे मारते, हे आम्ही मेलेले पोंगे मोजत शिकलो. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-4 हा संकरित कापूस आला. असे बियाणे तयार करायचे म्हणजे उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग त्यावर लावायचे. बीजोत्पादनाच्या शेतात बाया हे हजारो कळ्यांवर करतात. या कारागिरीला हिशेबाच्या वहीत नाव एकच, मजुरी.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. अट अशी होती की शेताभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावायचे. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाची 120 ग्रॅमची पुडी येई. साध्या कापसावर वाढलेल्या पतंगांचा बीटीवर तगलेल्या पतंगांशी संकर व्हावा आणि अळीची प्रतिकारशक्ती लांबणीवर पडावी, हे त्यामागचे गणित. ते छापले पाकिटावर. शेतात उभे राहून समजावले किती जणांना? दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाचवा हिस्सा अळीला सोडायला सांगायचे आणि कारण सांगायचे नाही, तर तो पुडी कशाला पेरेल?

2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वारा कोणत्या दिशेला असावा, डोक्याएवढ्या कापसात पंप कसा चालवावा, कोणती दोन औषधे एकत्र करू नयेत, हे शिकवण्याआधीच विष विकले गेले. ही शिकण्याची फी कोणी ठरवली?

कारखान्यातल्या उमेदवाराला 1961 च्या कायद्याने विद्यावेतन मिळते. त्याच्या हातून नट मोडला तर मालकाचा जातो. शेतकऱ्याची कार्यशाळा त्याचे पोट आहे. वर्षाला एकच खरीप, म्हणजे उभ्या आयुष्यात तीस-चाळीस संधी. एक हंगाम फसला की सावकाराचा उंबरठा. आणि कृषिमूल्य आयोग खर्च काढतो तेव्हा घरच्या माणसांचे श्रम शेतमजुरीच्या दराने धरतो. शिकण्यात गेलेल्या हंगामांची किंमत त्या तक्त्यात कुठेच नाही. भाव मागताना या कसबाचाही हिशेब आम्ही मागतो.

पण सरकार शिकवील म्हणून हात बांधून बसणे परवडणार नाही. 1989 पासून इंडोनेशियात भातशेतकरी आठवड्याला एकदा बांधावर जमू लागले, किडी आणि मित्रकिडी मोजू लागले, आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवू लागले. आपल्याकडे शेतीशाळा त्याच वाटेने आली. ती पेरणीपासून वेचणीपर्यंत आपण चालवली पाहिजे. पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावांना तर याची गरज जास्त. शेजारच्या बागायती मेमधल्या कापसावर पोसलेली अळी पुढे आपल्याच फुलांवर येते.

शिकायला लागते काय? एकरी दोन कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. पाकळ्या न उमलता मिटून राहिलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे फोडा; दोनांत अळी निघाली तरच फवारा. नवे वाण, नवे औषध आधी चार ओळींत पाहा, सगळ्या रानावर नको. या गोष्टींना पैसा लागत नाही. डोळा लागतो, आणि डोळा तयार व्हायला सोबत लागते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक बैठकीत एक तास या शाळेला द्या. येताना नुसत्या घोषणा नकोत, पिशवीत आपल्या शेतातली बोंडे घेऊन या. ज्या बाईचा हात कळीवर बसला आहे, तिला पुढे बसवा आणि शिकवू द्या. जो कंपनीवाला नवे बी आणील, त्याला विचारा: बांधावर कधी येतोस? उत्तर मिळेपर्यंत त्याला चार ओळींपेक्षा जास्त रान द्यायचे नाही.