गर्भवती मातांच्या तीव्र श्वसनसंसर्गाविषयी निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : गर्भवतींच्या श्वसनसंसर्गावर विनाविलंब उपचार व फ्लूच्या लसीची कायम तरतूद होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या माता, त्यांचे कुटुंबीय व प्रसूतिसेवेत आयुष्य वेचलेल्या परिचारिका आपल्या सेवेशी सविनय निवेदन करितो की, राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले, ही गोष्ट आपल्या खात्यास निःसंशय भूषणावह आहे. परंतु रक्तस्राव, रक्तदाब व रक्तक्षय यांविषयी जी दक्षता आपल्या प्रसूतिसेवेच्या अंगवळणी पडली आहे, ती फुप्फुसांच्या संसर्गाविषयी अद्याप पडलेली नाही, हे खेदपूर्वक नमूद करणे आम्हांस प्राप्त आहे.

गर्भ वाढू लागला की गर्भाशय श्वासपटलाला वर रेटते, श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे एक-पंचमांशाने घटते आणि प्राणवायूची गरज मात्र जवळपास तितक्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे इतर स्त्री जो न्यूमोनिया निभावून नेईल, तोच गर्भवतीला अल्पावधीत प्राणसंकटात लोटू शकतो आणि अकाली प्रसूती वा गर्भमृत्यूही ओढवू शकतो. २००९ च्या ज्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला बळी पुण्यात गेला, त्याच साथीत अमेरिकेत गर्भवतींची संख्या लोकसंख्येच्या शेकडा एक असताना मृतांत त्यांचे प्रमाण शेकडा पाच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली फ्लूच्या लसीसाठी गर्भवतींना अग्रक्रम दिला. तरीही कोविडच्या लसीकरणास गर्भवतींना आपल्या देशात मुभा मिळाली ती जुलै २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरत आल्यावर.

असा विलंब घरोघरी आणि दवाखान्यांतही होत असतो. तापाने व खोकल्याने बेजार झालेली गर्भवती धापा टाकू लागली, तर ‘दिवस भरत आले की धाप लागायचीच’ अशी समजूत घातली जाते. एक्स-रे गर्भाला बाधेल या भयाने छातीची तपासणी लांबते, आणि अहवालाची वाट पाहता पाहता ऑसेल्टामिविर सर्वाधिक गुणकारी ठरण्याचे पहिले ४८ तास निघून जातात. वस्तुतः छातीच्या एक्स-रेतून गर्भास पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो, आणि फ्लू झालेल्या गर्भवतीस हे औषध देण्याची शिफारस वैद्यकशास्त्रच करते. साथ येणे कोणाच्या हाती नसेल. परंतु विलंब हा कारभाराचा दोष आहे, आणि कारभाराचा दोष सरकारी हुकुमाने दूर होऊ शकतो.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतींना फ्लूची लस पावसाळ्यापूर्वी विनामूल्य मिळावी व पुरवठ्यात खंड पडू नये म्हणून स्वतंत्र आर्थिक तरतूद व्हावी. सहा महिन्यांच्या आतील अर्भकास ही लस देता येत नसल्याने मातेची लस हेच त्याचेही संरक्षण होय.

२. प्रत्येक उपकेंद्रात पल्स ऑक्सिमीटर असावा, आणि तापाच्या गर्भवतीचा प्राणवायू ९५ टक्क्यांखाली उतरल्यास तिला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचविण्याची सक्त ताकीद असावी.

३. फ्लूचा संशय येताच, अहवालाची प्रतीक्षा न करता, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गर्भवतीस ऑसेल्टामिविर सुरू करावे. त्याचा साठा ग्रामीण रुग्णालयापर्यंत कायम असावा.

४. जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णेची जबाबदारी प्रसूतितज्ज्ञ, फिजिशियन व भूलतज्ज्ञ यांनी संयुक्तपणे घ्यावी. तिला अन्यत्र हलविणे भाग पडल्यास प्राणवायू चालू ठेवून व पुढील रुग्णालयात खाटेची खात्री करूनच १०८ च्या रुग्णवाहिकेतून न्यावे.

५. मातामृत्यूच्या अन्वेषणात श्वसनसंसर्गाची स्वतंत्र नोंद घेऊन, लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती काळ गेला, हे जिल्हावार दरवर्षी प्रसिद्ध करावे.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही. माहीत असलेला उपचार वेळेवर व्हावा, एवढीच तजवीज करावयाची आहे. तरी आपण या मागण्यांचा साकल्याने विचार करून येत्या पावसाळ्यापूर्वी तसे आदेश जारी करावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते

सोबत : सह्यांची यादी
प्रत माहितीसाठी : जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी