वास्तूची नित्यपूजा

अमरावतीहून पश्चिमेला भातकुलीच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात जमिनीचा रंग गडद होतो आणि विहिरीच्या पाण्याची चव बदलते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा तो हाच. या भूमीचे प्राचीनत्व सांगायला पुराणकथा आहे आणि ताम्रपटही आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसविलेले भोजकट म्हणजेच भातकुली, असे परंपरा मानते. वाकाटक नरेश दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. याच भातकुलीत भगवान आदिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात, धर्मशाळेत उतरतात, पूजा-अभिषेक करतात. मंदिराचा सांभाळ समाजाने नेमलेले विश्वस्त करतात. वऱ्हाडातील अशा अनेक गावांत मात्र मंदिरापासून हाकेच्या अंतरावर एखादी गढी किंवा एखादा वाडा असतो. त्याची ओसरी वाकलेली असते, माजघरात पिंपळ रुजलेला असतो, आणि चौकातले तुळशीवृंदावन कोरडे पडलेले असते.

एकाच गावातील, एकाच मातीच्या दोन वास्तूंमध्ये एवढे अंतर का पडावे? पैसा हे त्याचे संपूर्ण उत्तर नाही. मंदिरात देव आहे, म्हणून तेथे रोज सकाळी कोणीतरी दार उघडतो, झाडतो, पाणी घालतो. गळती लागली तर ती पहिल्याच पावसात लक्षात येते. आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. मंदिराला नित्य कर्माचा आधार आहे. ज्या घरात इतिहास घडला पण देव प्रतिष्ठापिला गेला नाही, त्या घराच्या वाट्याला केवळ नैमित्तिक येते. जयंतीला हार, पुण्यतिथीला भाषण, शताब्दीला एखादी कोनशिला. मधल्या तीनशे साठ दिवसांत त्या घराचे काय होते, हे पाहायला कोणी नसते.

अमरावतीचेच उदाहरण घेऊ. राजकमल चौकाजवळचा दादासाहेब खापर्डे यांचा वाडा जुन्या पिढीला तरी परिचित आहे. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा दादासाहेब स्वागताध्यक्ष होते. १९०८ मध्ये लोकमान्यांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या अपिलाचे काम पाहण्यासाठी हा वऱ्हाडचा नामांकित वकील आपली चालती वकिली सोडून इंग्लंडला गेला. शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासातील त्यांची रोजनिशी आजही भाविक वाचतात. लोक ज्यांना ‘वऱ्हाडचा नवाब’ म्हणत, त्यांचे हे घर. राष्ट्रीय चळवळीचे वऱ्हाडातील एवढे मोठे केंद्र, पण शाळकरी मुलांना हात धरून नेऊन दाखवावे असे सार्वजनिक स्मारक आपण त्याचे करू शकलो नाही. याचा दोष एखाद्या कुटुंबावर किंवा कार्यालयावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. त्या वाड्याची नित्यपूजा करणारे मंडळ अमरावतीकरांनी कधी उभे केले, हा प्रश्न मात्र आपल्याकडेच वळतो.

असे मंडळ उभे करण्याची रीत आपल्याला परकी मुळीच नाही. १८९५ साली लोकमान्यांनी रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले. निधी उभा राहिला, स्मारक मंडळ स्थापन झाले, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण व्हायला पुढे जवळजवळ तीन दशके लागली. परकीय सत्ता, लोकमान्यांचे दोन कारावास आणि अखेर त्यांचे निधन, या सर्वांतून ते काम टिकले. योगायोग असा की, त्याच १८९५ साली इंग्लंडमध्ये ऑक्टेव्हिया हिल ही समाजसेविका आणि तिचे दोन सहकारी यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी अल्फ्रिस्टन या खेड्यातील गवताने शाकारलेले, धर्मगुरूंचे एक जुने घर अवघ्या १० पौंडांना विकत घेतले. आज त्या न्यासाचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. त्याच्या वाड्यांत आणि बागांत हजारो स्वयंसेवक राबतात. निवृत्त शिक्षिका दिवाणखान्याच्या दाराशी उभी राहून पाहुण्यांना माहिती सांगते, माजी कारकून गुलाबाचे ताटवे खुरपतो. ज्या राष्ट्राने आपल्यावर राज्य केले त्याचे सर्वच अनुकरणीय मानण्याचे कारण नाही. त्या वाड्यांपैकी कित्येकांच्या भिंतींत वसाहतींतून नेलेली संपत्तीच चिणलेली आहे. पण घर राखण्याची शिस्त मात्र त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

त्या शिस्तीतील एक गोष्ट वऱ्हाडाला विशेष उपयोगी आहे. १९३७ साली तेथे अशी सोय करण्यात आली की, वारसांनी घर न्यासाच्या स्वाधीन करावे आणि कुटुंबाने पुढेही त्याच घरात राहावे. न्यासाने जपणूक करावी, लोकांना ठरावीक दिवशी घर पाहता यावे. आपल्याकडे वाडा पडतो तो बहुधा वारसांच्या भांडणात. एक भाऊ पुण्याला, दुसरा बंगळुरूला, पुतण्या अमेरिकेत. उताऱ्यावर अकरा नावे आणि त्यांपैकी चौघांच्या सह्या मिळत नाहीत. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, यावर तीन पावसाळे जातात. चौथ्या पावसाळ्यात भिंत बसते आणि पाचव्या वर्षी बांधकाम व्यावसायिक येतो. या अंकाच्या वाचकांपैकी कितीजण अशा अकरा नावांपैकी एक असतील, याचा विचार आमच्या मनात हे लिहिताना वारंवार येतो. मालकी न सोडताही देखभालीचा लेखी करार एखाद्या नोंदणीकृत न्यासाशी करता येतो, हे त्यांतील अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी कायद्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांपुरता आहे. २००७ मध्ये आलेली ‘महाराष्ट्र वैभव’ ही स्मारक संगोपन योजना तीही राज्य संरक्षित स्मारकांसाठीच. गाविलगड, नरनाळा, बाळापूरची छत्री यांची काळजी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. गावातील देशमुखांची गढी किंवा शहरातील पुढाऱ्याचा वाडा यांपैकी कशातच बसत नाही. त्याला वाली हवा असेल तर तो समाजातूनच उभा राहिला पाहिजे. सात माणसे एकत्र आली तर १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, आणि तो सादर करण्याची सवय हाच न्यासाचा पहिला संस्कार होय. हिशेब न दाखविता केलेल्या सेवेची गावात चार वर्षांत कुजबुज होते आणि पाचव्या वर्षी मंडळ फुटते. हे आपण गणेशोत्सवापासून वाचनालयापर्यंत सर्वत्र पाहिले आहे.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या वऱ्हाडात कोरडवाहू कापसाने शेतकऱ्याला कर्जात बुडविले, ज्या जिल्ह्यांत आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापाव्या लागल्या, तेथे वाडे आणि बागा राखण्याची भाषा करणे ही चैन नव्हे काय? आणि दुसरा आक्षेप त्याहून बोचरा आहे. ज्या ओसरीवर गावातील कित्येकांच्या आजोबांना पाय ठेवता आला नाही, ती ओसरी त्यांच्या नातवांनी का झाडावी?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर भातकुली तालुक्यातच आहे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. काठावरच्या चिखलात यात्रेकरूंचे, बायाबापड्यांचे हाल होत. ते पाहून डेबूजी जानोरकर नावाच्या तरुणाने १९०८ च्या सुमारास तेथे घाट उभा करण्याचे काम हाती घेतले. अपंग, अंध, महारोगी यांना त्याने तेथे पंक्तीला बसविले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, पण त्यांतील एकाही खोलीवर आपला किंवा आपल्या कुटुंबाचा हक्क सांगितला नाही. विश्वस्त नेमले आणि स्वतः झाडू घेऊन पुढच्या गावाला गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. वास्तू कोणासाठी, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हाला ठाऊक नाही. वाडा राखायचा तो देशमुखीचा तोरा राखण्यासाठी नव्हे. ज्या घराचे दार सर्वांना उघडे नाही, त्याच्यासाठी लोकांकडे वर्गणी मागण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही. ओसरीवर गावातील सर्व वस्त्यांमधील मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसू लागली, तर ती ओसरी कोणी का झाडावी हा प्रश्न उरणार नाही.

बाबांच्या झाडूचा आणि इतिहासाच्या जपणुकीचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडतो आहोत, असे कोणास वाटू नये. परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर ऐन तरुणपणी गाडगेबाबांच्या संगतीत वावरले. पुढे त्यांनी महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांना गडकिल्ल्यांवर चालायला शिकविले. आज सह्याद्रीतील गडांवर सुट्टीच्या दिवशी तरुणांची मंडळे टाक्यांतला गाळ उपसतात, गडाला नवे लाकडी दरवाजे बसवितात. त्यांना हा वारसा ठाऊक असो वा नसो, तो वऱ्हाडातून गेलेला आहे. गडावर घाम गाळणाऱ्या या तरुणांना आपल्या गावची गढी मात्र दिसत नाही. तिच्यावर भगवा फडकत नाही, छायाचित्रात ती उठून दिसत नाही. म्हणून ती दुय्यम ठरावी काय?

आता कामाबद्दल थोडे, कारण उत्साहाने केलेली चुकीची दुरुस्ती दुर्लक्षापेक्षा अधिक घातक असते. या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया हलतो. त्यात जमिनीतील क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतात आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, आणि दोन-चार वर्षांत गिलाव्यासकट वीटही पापुद्र्यांनी सुटते. जुन्या गवंड्यांनी चुना वापरला तो सिमेंट मिळत नव्हते म्हणूनच केवळ नव्हे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. चुना मळणारा, घोटणारा गवंडी अजून कोठे असेल तर त्याला शोधून दोन तरुणांना त्याच्या हाताखाली बसविणे हे न्यासाचे कोनशिलेहून मोठे कार्य ठरेल. पायाजवळ पाणी साचू न देणे, पन्हाळी मोकळी ठेवणे, कौले वेळेवर शाकारणे, भिंतीत उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच काढणे, एवढ्याने घराचे आयुष्य कित्येक दशकांनी वाढते. यांतील एकाही कामाला मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्घाटन लागत नाही.

आणि बाग. खारपाणपट्ट्यात बाग म्हटल्यावर लोक हसतील. विहिरीच्या मचूळ पाण्यावर गुलाब आणि हिरवळ लावण्याचा अट्टहास अर्थातच नको. कडुनिंब, चिंच, बोर, बाभूळ ही या मातीची झाडे आहेत आणि त्यांची सावली वैशाखात कोणत्याही गुलाबापेक्षा मोलाची असते. शिवाय वाड्याचे छप्पर मोठे असते. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ७० हजार लिटर होते. त्यातले दोनतृतीयांश जरी झाकलेल्या टाक्यात उतरविले, तरी ४५ हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी साठते. जेथे भूगर्भातील पाणी प्यायला निरुपयोगी, तेथे जुन्या वाड्याचे छप्पर साऱ्या आळीच्या उपयोगी पडू शकते. पूर्वजांनी चौक, पन्हाळी आणि हौद यांची रचना जेथे केली, ती तरी याहून वेगळ्या कोणत्या हेतूने केली असेल?

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. २०२६ साली त्याला १५० वर्षे होतात. अखेरच्या प्रवासात, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. तेथून भातकुली फार दूर नाही. बाबांच्या नावे विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छतेचे अभियान झाले, पुतळे तर गावोगावी आहेत. त्यांच्या जयंतीपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत जवळजवळ पंधरा रविवार हाती असतात. पहिल्या रविवारी वारसांपैकी जो कोणी गावात असेल त्याच्याकडून किल्ली मागून घ्यावी, त्याला सोबत घ्यावे आणि फक्त अंगण झाडावे. दुसऱ्या रविवारी पन्हाळी. भिंतींना हात लावण्यापूर्वी जाणत्या गवंड्याला आणून दाखवावे. कौले शाकारण्याचे काम अक्षय्य तृतीयेपर्यंत सुरू झाले पाहिजे. त्यानंतर मजूर मिळत नाहीत, ते पेरणीच्या तयारीला लागतात.