अहिल्यानगर ते दिल्ली फक्त १ तास २१ मिनिटं? फोनवरचा हा आकडा येतो कुठून?

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर सर्च केलं की बऱ्याच साईट्स लगेच उत्तर देतात. अहिल्यानगर ते दिल्ली : सुमारे १,०८० किमी, वेळ १ तास २१ मिनिटं. पण अहिल्यानगर शहरात प्रवासी विमानतळच नाही! मग हे विमान उडतं कुठून?

हिशोब सोपा आहे. साईट दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेते, पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातलं सरळ अंतर काढते आणि ताशी ८०० किमीसारख्या ठराविक वेगाने भागते. विमानतळ आहे का, फ्लाईट आहे का, हे तपासलेलंच नसतं.

जिल्ह्यातला विमानतळ आहे काकडीला, म्हणजेच शिर्डी विमानतळ. तो १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. तिथून दिल्ली साधारण १,०२० किमी. ८०० ने भागलं तर सव्वा तास होतो, पण तिकिटावर जवळपास दोन तास दिसतात. कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं, ठरलेल्या हवाई मार्गाचं वळण, सगळं त्यात येतं.

आता घरापासून मोजू. नगरहून काकडी ८० किमीच्या आसपास, म्हणजे दोन तास धरा. देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोहोचायचं. विमानाचे दोन तास. दिल्लीत बाहेर पडून शहरात जायला दीड तास. एकूण साडेसात तास! दुपारी एकचा इंटरव्ह्यू असेल आणि तुम्ही १ तास २१ मिनिटांवर प्लॅन केला, तर काम गेलंच समजा.

अंतर कमी असेल तर विमानाचा फायदा आणखी घटतो. मुंबई ते काकडी हवाई अंतर फक्त १७० किमीच्या आसपास. भागाकार म्हणतो १३ मिनिटं! प्रत्यक्षात एवढ्या अंतरात विमान पूर्ण वेगही नीट गाठत नाही. विमानतळावरचा वेळ धरला, तर २०२३ मध्ये सुरू झालेली, सुमारे सव्वापाच तासांत शिर्डीला पोहोचवणारी वंदे भारत फार मागे राहत नाही.

काकडीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी ९ ऑक्टोबर २०२४ ला झाली. खर्च ६४५ कोटींहून जास्त. नवं टर्मिनल जास्त प्रवासी सामावून घेईल, पण नगर ते काकडी रस्ता त्याने कमी होणार नाही. म्हणून मी नगरकरांना पुणे विमानतळही तपासायला सांगेन. तो सुमारे ११० किमी लांब आहे, पण तिथून दिल्लीच्या फ्लाईट्स जास्त. एक रद्द झाली तर दुसरी मिळायची शक्यता असते.

तर बुकिंगआधी किलोमीटर बघू नका. फ्लाईट खरंच आहे का ते एअरलाईनच्या ॲपवर बघा, आणि वेळ घराच्या दारापासून मोजा.