बॅरिस्टर अंतुले : जमा आणि नावे

कर्जत-खालापूरकडे दोन वकिलांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी हमखास येतात. एक माथेरानचे भाई कोतवाल. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण दिले. दुसरे आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. पहिल्यांविषयी दुमत नाही. दुसऱ्यांचे नाव निघाले की दोन तट पडतात.

अंतुले १९६२ साली श्रीवर्धनचे आमदार झाले, पुढे मंत्री आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. पण काम झपाट्याचे. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. त्याच वर्षी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे अस्तित्वात आले. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. मी बँकेत होतो तेव्हा वाड्या-पाड्यांवरच्या म्हाताऱ्या हे पैसे काढायला यायच्या. अंगठा उठवून मिळालेल्या नोटा त्या पदराच्या गाठीत बांधत. त्यांच्यापुढे अंतुल्यांना नावे ठेवण्याची माझी छाती झाली नसती.

आता दुसरी बाजू. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे. साध्या ओट्यासाठीही अर्ज करावा लागे. अशा टंचाईत बिल्डरांना जादा सिमेंट मिळाले आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या मिळाल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी हे प्रकरण ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून चव्हाट्यावर आणले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी या दोन गोष्टींचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली.

‘पैसा स्वतःच्या खिशात तर घातला नाही ना?’ असे त्यांचे चाहते विचारतात. बँकेतल्या माणसाला हा युक्तिवाद पटत नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने कर्जदाराकडून गावच्या देवळासाठी देणगी घेतली, तर देऊळ खरे असले तरी मंजुरी नासते. कारण देणगी न देणारा रांगेत मागे पडतो. टंचाईच्या मालावर सही करण्याचा अधिकार एकाच हातात असला, की सत्कार्यालाही दलालीचा वास येतो.

गंमत अशी, की या बॅरिस्टरचे नाव कायद्याच्या पुस्तकांत अजरामर झाले ते आरोपी म्हणून. रामदास नायक यांनी भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा गेला. १९८४ मध्ये न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश चुकीचा ठरवला. १९९१ मध्ये न्यायालयाने अंतुल्यांचा खटला रद्द केला नाही. पण तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर खटला लवकर चालणे हा आरोपीचा हक्क आहे, असे सांगितले. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या कच्च्या कैद्यालाही आज त्या निकालाचा आधार घेता येतो.

अंतुले पुन्हा निवडून आले, १९९५-९६ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री आणि २००६ ते २००९ अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी ते गेले. मतदारांनी त्यांना माफ केले म्हणावे, की म्हाताऱ्यांच्या अनुदानाची आठवण ठेवली म्हणावे? मला वाटते, दुसरे. पण खातेवहीत जमेची रक्कम मोठी असली म्हणून नावेची नोंद खोडायची नसते. दोन्ही बाजू शाईने लिहून ठेवाव्यात. पुढच्या मंत्र्याचा हिशेब तपासताना त्या लागतात.